वैजूचा पत्ता

“तू गाडीतच थांब,” मी वैजूला म्हणालो. “आत घरच्या एकाच माणसाला सोडतात.”

“खोटं नको बोलूस, दादा. वकीलबाईंनी काल माझ्यासमोर सांगितलंय, दोघं चालतात म्हणून.”

तिने दार उघडून एक पाय बाहेर टाकलाही होता. मांडीवर पिशवी होती. तीत किरणचा इस्त्री केलेला आकाशी शर्ट, पँट आणि कालच घेतलेले नवे मोजे. आज जामीन झाला तर त्याला तिथल्या गणवेशात गाडीत बसवायचं नाही, असं तिने ठरवून टाकलं होतं.

“ऊन बघ केवढं आहे. आतही तासन्‌तास बसवून ठेवतात. त्यापेक्षा तू...”

“इतके महिने मी त्याला काचेतून बघतेय. आज पहिल्यांदा एका खोलीत बसायला मिळणार, आणि तू मला गाडीत बस म्हणतोस? तुला झालंय काय?”

काय झालंय ते मला सांगता येत नव्हतं. ती उतरली, ओढणी सारखी केली आणि फाटकाच्या दिशेने चालायलाही लागली. मी गाडी बंद करून तिच्या मागे निघालो.

ते डिटेन्शन सेंटर लुइझियानात होतं. गावापासून लांब, चहूबाजूंनी पाइनचं जंगल, आणि रस्त्यावर लाकडाचे ओंडके नेणारे ट्रक सोडले तर दुसरी वर्दळ नाही. बुटक्या इमारती, दुहेरी कुंपण, त्यावर काटेरी तारांची वेटोळी. ज्यांच्यावर कुठलाही गुन्हा नाही, फक्त देशात राहायचं की नाही एवढंच ठरायचं आहे, अशी माणसं तिथे ठेवत. माझा मेहुणा किरण लोंढे त्यांतला एक.

वैजू माझी धाकटी बहीण. वैजयंता हे आजीचं नाव तिला मिळालं होतं, पण घरात सगळे वैजूच म्हणायचे. आमचं गाव कराडपासून तासाभरावर. आमचे वडील, तात्या, गावच्या सोसायटीचे चेअरमन. आसपासच्या चार गावांत त्यांचा शब्द कुणी खाली पडू देत नसे. वैजू कराडला फार्मसीला गेली आणि तिथे तिचं किरणशी जमलं. किरण आमच्याच गावचा, मातंग वस्तीतला. शाळेत तिच्या पुढे. त्याचे वडील आमच्या घरच्या लग्नात हलगी वाजवायला यायचे आणि जेवायला मागच्या अंगणात बसायचे. मीही ते लहानपणापासून बघत आलो होतो.

दोघांनी पुण्यात रजिस्टर लग्न केलं आणि शहराच्या एका टोकाला खोली घेऊन राहिले. मी तेव्हा अमेरिकेत, टेनेसीमध्ये, मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात नोकरीला होतो. तात्यांचा फोन आला. म्हणाले, “धैर्यशील, आता तू एकटाच. दुसरं लेकरू आम्हाला झालंच नाही, असं धर.”

काही महिन्यांनी आमच्याकडची माणसं त्या खोलीवर गेली. किरण औषधांच्या दुकानात कामावर होता, वैजू बाजारात. घरात किरणचा धाकटा भाऊ रोहन एकटाच होता, भरतीच्या परीक्षेसाठी गावाहून आलेला. त्यांनी त्याच्यावर कोयते चालवले. दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला होता. माझे दोन चुलतभाऊ पकडले गेले. वर्षाच्या आत ते जामिनावर सुटले आणि गावाच्या वेशीपासून घरापर्यंत त्यांची मिरवणूक निघाली.

खोलीचा पत्ता कॉलेजच्या स्वाती नावाच्या मैत्रिणीने फोडला, अशी वैजूची खात्री होती. तिने स्वातीशी कायमचं तोडलं.

त्यानंतर दोघं हैदराबादला गेली, तिथून गोव्याला, तिथून आणखी कुठे. प्रत्येक ठिकाणी काही दिवसांनी ओळखीचं कुणीतरी दिसायचं. शेवटी कर्ज काढून, कुणाकुणाला गाठून ती मेक्सिकोमार्गे अमेरिकेच्या सीमेवर पोचली आणि आम्हाला आश्रय द्या म्हणाली. वैजूला थोड्या आठवड्यांत सोडलं. ती माझ्याकडे आली. किरणला मात्र इथे, या जंगलात आणून ठेवलं.

त्याचा खटला इथल्याच कोर्टात चालला. न्यायाधीशांनी सगळं ऐकलं, कागद पाहिले आणि त्याला आश्रय मंजूर केला. त्या दिवशी वैजूने माझ्या स्वयंपाकघरात शिरा केला आणि करता करता हमसून हमसून रडली. पण तो सुटला नाही. सरकारने निकालाविरुद्ध अपील केलं. अपिलाचा निकाल लागेपर्यंत आतच राहायचं. म्हणजे खटला जिंकलेला माणूस तुरुंगात.

आमच्या वकीलबाई, नोएमी डेलगाडो, म्हणाल्या, एकच वाट आहे. अपील चालू असताना त्याला जामिनावर बाहेर ठेवा, असा अर्ज करायचा. त्यासाठी इथे कायम राहण्याचा परवाना असलेलं, नोकरी आणि घर असलेलं कुणीतरी जबाबदारी घ्यायला हवं, कोर्टात उभं राहायला हवं.

असा माणूस म्हणजे मी.

सुनावणीच्या आदल्या दुपारी आम्ही डेलगाडोबाईंच्या कचेरीत बसलो होतो. टायरच्या दुकानावरची दोन खोल्यांची कचेरी होती ती. वैजू समोरच्या दुकानात मोजे घ्यायला गेली तेवढ्यात बाई मला म्हणाल्या, “उद्या सरकारी वकील तुमच्या आईविषयी विचारतील.”

“आईविषयी का?”

“तुमच्या बहिणीने आपल्या जबाबात लिहून दिलंय. आई माझ्या बाजूने आहे, घरच्यांना चोरून दर आठवड्याला फोन करते, नागपूरला मामाकडे जाऊन राहा म्हणते. खरं तेच लिहिलंय तिने. पण सरकारचं सगळं अपील त्या चार ओळींवर उभं आहे. आई आणि मामा सांभाळायला तयार असतील, तर यांना परत पाठवायला काय हरकत, असं ते म्हणतात. हे अपील टिकणारं आहे असं न्यायाधीशांना वाटलं, तर ते जामीन देणार नाहीत. हरणारा माणूस पळून जाईल, असा सरळ हिशोब असतो.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “याला तुमच्याकडे काही उत्तर आहे?”

मी उठून खिडकीशी गेलो. वैजू अजून दुकानातून बाहेर आली नव्हती.

“आहे,” मी म्हणालो आणि त्यांना सांगितलं.

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. “बहिणीला माहीत आहे हे?”

“नाही. उद्या तिला बाहेर ठेवता येईल का?”

“तिला बसायचा हक्क आहे. मी तिला ऊठ म्हणू शकत नाही. तुम्ही समजवा.”

“मी इंग्रजीत बोलेन,” मी म्हणालो. “इतकं भराभर बोललेलं तिला कळत नाही.”

बाई काहीतरी सांगणार होत्या, पण तेवढ्यात जिन्यावर वैजूच्या चपला वाजल्या. “दादा, हे बघ, तिन्ही जोड काळेच मिळाले,” म्हणत ती आत आली.

कोर्ट सेंटरच्या आतच होतं. बिनखिडकीची लहानशी खोली, पुढे न्यायाधीशांचं टेबल, मागे दोन बाकं. आम्ही मागच्या बाकावर बसलो. थोड्या वेळाने बाजूच्या दारातून किरणला आणलं. गडद निळा गणवेश, हातात बेड्या. गालफडं बसली होती आणि केस इतके बारीक कापले होते की मला क्षणभर ओळख पटली नाही. वैजूने माझं मनगट घट्ट धरलं.

किरणने आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बेड्यांसकट हात जोडले. “दादा, एवढ्या लांबून आलात. प्रवासात त्रास नाही ना झाला?”

“बोलायचं नाही,” पहारेकरी म्हणाला. किरण खाली बसला.

न्यायाधीश आले. पांढऱ्या केसांचे, थकलेले गृहस्थ होते. त्यांनी टेबलावरच्या यंत्राचं बटण दाबलं, कुठेतरी फोन लागला आणि खोलीत एक आवाज आला.

“नमस्कार. मी आजची मराठी दुभाषी आहे. लोंढेसाहेब, माझा आवाज नीट येतोय का?”

 हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. किरणला इंग्रजी जेमतेम कळायचं, म्हणून इथे बोललेला प्रत्येक शब्द त्याला मराठीत सांगितला जाणार होता. आणि तो आवाज सगळ्या खोलीला ऐकू येणार होता. बाई काल हेच सांगणार होत्या.

आवाज वयस्क बाईचा होता, स्वच्छ, मऊ. त्या खोलीत तो ऐकून वैजूचा चेहरा जरा उजळला. “आपल्याकडची आहे,” ती माझ्या कानात म्हणाली.

मला पुढे बोलावलं, शपथ दिली. आधी डेलगाडोबाईंनी विचारलं. नोकरी काय, घर कुठे, त्याला तारखेला हजर ठेवाल का. मी सांगत होतो आणि प्रत्येक वाक्यामागून तो आवाज मराठीत येत होता. माझंच बोलणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना विचित्र वाटत होतं.

मग सरकारी वकील उठले. तरुण, सडपातळ, बोलायला अतिशय नम्र. त्यांच्याविषयी माझ्या मनात तेव्हाही राग नव्हता.

“मिस्टर जगदाळे, तुमची आई हयात आहे?”

“हो.”

“तुमच्या बहिणीशी ती बोलते?”

“हो, बोलते.”

“बहिणीने जबाबात म्हटलंय, आई तिच्यावर प्रेम करते. हे खरं आहे?”

“खरं आहे.”

“आणि तुमच्या आईचे भाऊ नागपूरला असतात. त्यांचं स्वतःचं घर आहे. गावापासून ते कितीतरी लांब आहे.”

“हो.”

“मग मला सांगा, आईच्या मदतीने, मामांच्या घरी, हे दोघं तिथे सुरक्षित का राहू शकत नाहीत?”

“नाही राहू शकत.”

“का?”

मी न्यायाधीशांकडे बघत राहिलो. मागे बघितलं नाही. इंग्रजीत, एका दमात, जमेल तितक्या भराभर बोललो.

यंत्रातून काहीच आलं नाही. मग ती बाई इंग्रजीत म्हणाली, “माफ करा, साक्षीदार फार वेगाने बोलले. दुभाषीला उत्तर पुन्हा ऐकायचं आहे.”

“सावकाश सांगा,” न्यायाधीश म्हणाले.

मी पुन्हा सांगितलं. सावकाश, शब्द सुटे करून. आणि मग त्या मऊ आवाजात ते मराठीत आलं.

“कारण पुण्याच्या खोलीचा पत्ता त्या माणसांना माझ्या आईने दिला. तिने मला स्वतः फोनवर तसं सांगितलं.”

 मी किरणकडे पाहिलं. मेला तो त्याचा भाऊ होता. पण तो माझ्याकडे किंवा न्यायाधीशांकडे बघत नव्हता. तो मान वळवून बाकाकडे बघत होता. “वैजू,” तो म्हणाला. पहारेकऱ्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तरी तो पुन्हा म्हणाला, “वैजू, इकडं बघ.”

न्यायाधीशांनी हात वर केला. मग मला विचारलं, “आईने नेमकं काय सांगितलं तुम्हाला?”

आई काय म्हणाली होती ते मला पाठ होतं. त्या दिवशी कारखान्याच्या मागच्या दारात मी फोन घेतला होता. आई रडत होती. म्हणत होती, “आरं, मीच सांगितलं त्यास्नी. तुझ्या बापानं देवावर हात ठिवून सांगितलं हुतं, पोरीला निस्ती घरी आणायची, कुणाला हात लावायचा न्हाई. मला खरं वाटलं रं.” मी ते इंग्रजीत सांगितलं. त्या बाईने ते तिच्या शुद्ध मराठीत परत सांगितलं. आईचे शब्द राहिले नाहीत, अर्थ तेवढा राहिला.

“तिने पोलिसांना सांगितलं?”

“नाही.”

“अजून ती तुमच्या वडिलांबरोबरच राहते?”

“हो. कुठे जाणार?”

“आणि मामा?”

“अटक झालेल्या माझ्या दोन्ही चुलतभावांना कोर्टात जामीन राहिले ते माझे मामाच.”

सरकारी वकिलांनी हातातल्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि मला आणखी काही विचारायचं नाही म्हणाले.

न्यायाधीश बराच वेळ वाचत होते. मग त्यांनी निकाल सांगितला. या माणसापासून कुणाला धोका नाही, याचा खटला भक्कम आहे, याला घर आणि जबाबदार नातेवाईक आहे, जामीन मंजूर. यंत्रातली बाई हे सांगताना जरा जास्तच स्पष्ट बोलली, असं मला वाटलं. शेवटी तिने “धन्यवाद” म्हटलं आणि फोन बंद झाला.

आम्ही बाहेरच्या खोलीत येऊन बसलो. वैजूने पिशवी मांडीवर घेतली होती आणि ती समोरच्या भिंतीकडे बघत होती.  ऑनलाइन रक्कम भरायची सोय होती, मी फोन काढून डेलगाडोबाईंची वाट बघत होतो. त्या आल्या तेव्हा त्यांचा चेहरा पाहूनच मी उठलो.

“सरकारने जामिनावरही अपील केलंय,” त्या म्हणाल्या. “आत्ताच कागद दिला. तो कागद आला की सुटका आपोआप थांबते. त्यांना तसा अधिकार आहे. जामीन रद्द झालेला नाही, पण अपील ऐकणाऱ्या वरच्या मंडळाचा निर्णय येईपर्यंत त्याला सोडणार नाहीत.”

“किती दिवस?”

“सांगता येत नाही. काही महिने.”

मी ते वैजूला सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

“म्हणजे हे सगळं बोलूनसुद्धा?” एवढंच ती म्हणाली.

किरणला त्यांनी आम्हाला पुन्हा भेटू दिलं नाही. तो भेटीचा दिवस नव्हता.

परतीच्या वाटेवर मी गाडी चालवत होतो आणि वैजू खिडकीतून बाहेर बघत होती. जंगल संपलं, शेतं लागली. एका पेट्रोल पंपावर थांबून मी दोन सँडविच आणली. तिने कागद उलगडला आणि तसाच परत गुंडाळला.

“म्हणजे स्वाती नव्हती,” ती म्हणाली.

“नाही.”

“तिचं लग्न झालं तेव्हा मी तिला काय काय लिहून पाठवलं माहितीये? तुझं लेकरूही असंच मरो, इतपत लिहिलं. तिने उलट काही पाठवलं नाही. नुसतं वाचलं.”

मी हातातलं सँडविच बाजूला ठेवलं.

“आईनं तुला कधी सांगितलं?”

“रोहन गेल्यावर. आठवड्याभरात.”

“आणि तू मला एका शब्दाने बोलला नाहीस.”

“तुझ्याकडे तेवढीच उरली होती.”

तिने माझ्याकडे पाहिलं. “आणि आज?”

“आज किरण होता.”

 आम्ही परत रस्त्याला लागलो. सूर्य मावळतीला आला होता. म्हणजे तिकडे गावात उजाडत होतं. तात्या सकाळी मळ्यात जातात ती वेळ. वैजूचा फोन वाजला. पडद्यावर ‘आई’ असं आलं. तो वाजून वाजून बंद पडला. लगेच परत वाजायला लागला.

“नको घेऊस,” मी म्हणालो.

तिने घेतला. मी गाडीतला पंखा बंद केला. का, ते मला सांगता येणार नाही.

“हां, आई... हो, जेवले... भात आणि पिठलं... नाही गं, घसा बसलाय जरा. इकडं एसी असतो ना सगळीकडं... घेते हळद घालून... तुझा गुडघा कसाय? तेल लावतेस का?... लाव. रोज लाव.” मग बराच वेळ ती नुसतं ऐकत होती. आईचा आवाज मला येत होता, शब्द येत नव्हते. “ठेव आता. तात्या येतील,” वैजू म्हणाली, आणि फोन ठेवला.

मला वाटत होतं आता तिचा बांध फुटेल. मी गाडी बाजूला घ्यायच्या तयारीत होतो. तिने फोन पर्समध्ये टाकला, सीट थोडी मागे केली आणि डोळे मिटले. पण घर येईपर्यंत ती झोपली नाही, हे मला कळत होतं.

त्यानंतर तिने आईला याबद्दल कधीच काही विचारलं नाही. आईला कळलंच नाही की वैजूला माहीत आहे.

किरण त्यानंतर सगळा हिवाळा आतच होता. त्याच काळात गावी त्याचे वडील गेले. आधी एक मुलगा गेलेला, दुसरा असा अडकलेला, अग्नी द्यायला पुतण्या उभा राहिला. किरणला ही बातमी आतल्या फोनच्या रांगेत उभं असताना कळली. मागे माणसं ताटकळली होती, म्हणून त्याने दोन मिनिटांत फोन ठेवून दिला, असं त्याने मला नंतर सांगितलं.

वरच्या मंडळाने जामिनावरचं सरकारचं अपील फेटाळलं तेव्हा झाडांना नवी पालवी आली होती. मी एकटाच त्याला आणायला गेलो; वैजूला ताप होता. तो फाटकातून बाहेर आला, गाडीत बसला आणि बराच वेळ पट्टा कसा लावायचा ते विसरल्यासारखा हातात धरून बसला.

“दादा,” तो म्हणाला, “वैजू अजून आईंशी बोलते?”

“बोलते.”

“बोलू द्या. माझ्याच्यानं त्यांचं नावसुद्धा घेववत नाही. पण तिला नका आडवू कुणी.”

मूळ अपिलाचा निकाल पुढच्या वर्षी लागला. तोही त्याच्या बाजूने. मग ती दोघं माझ्याकडून निघाली आणि दुसऱ्या राज्यात राहायला गेली. कुठल्या गावात, ते मी इथेही लिहीत नाही. किरणला एका औषधांच्या गोदामात काम मिळालं. पुढे त्यांना मुलगी झाली.

नात झाल्याचं वैजूने आईला सांगितलं, आणि तिथून आईचं एक सुरू झालं. प्रत्येक फोनला ती पत्ता मागायची. बाळंतविडा पाठवायचाय म्हणायची. कुंची शिवलीये, झबली शिवलीत, दुपटी केलीत, तुझा पत्ता सांग. वैजू मला सांगायची.

“माझ्या पत्त्यावर पाठवायला सांग,” मी म्हणालो.

“तुझं नाव घेतलं की तात्यांना कळणार, तू आमच्या बाजूने आहेस. मग तुझं घर तुटेल.”

“तुटू दे. आणि अमेरिकेत कोण येतंय मारायला?”

“पुण्यात तरी कोण येईल असं वाटलं होतं का?”

मग म्हणाली, “मला समजत नाही रे. मध्येच वाटतं, देऊन टाकावा. बिचारी एवढं शिवून बसलीये. आणि तोंडाशी आलं की रोहन दिसतो. कुणी तिला बाजूला बसवून विचारायला लावत असेल का? का खरंच नातीसाठी विचारते?”

“तुला काय वाटतं?”

“मला वाटून काय उपयोग? पुण्याचा पत्ता तिला दिला तेव्हाही मला खरंच वाटलं होतं.”

तिने पत्ता दिला नाही. पुढच्या वेळी देते, घर बदलणार आहोत, असं काहीबाही सांगत राहिली. आई विचारत राहिली. पोर रांगायला लागली, चालायला लागली, बोलायला लागली. फोनवर आजीला गाणं म्हणून दाखवायला लागली. आई ऐकायची आणि शेवटी पत्ता विचारायची.

मग एके दिवशी सकाळी चुलीपुढून उठताना आई कोसळली आणि परत शुद्धीवर आली नाही.

मी गेलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. तात्या ओसरीवर बसून होते, म्हातारे दिसत होते. माझ्याशी नीट बोलले. वैजूचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही काढलं नाही. दुपारी ते आडवे झाले तेव्हा मी आईचं कपाट उघडलं. कप्पे रिकामे होते. लुगडी, साड्या बायकांनी वाटून नेल्या होत्या. मी तिची पत्र्याची पेटी बघितली, माळ्यावर चढून गाठोडी सोडून बघितली, देवघरातलं फडताळ बघितलं.

काकू दारात येऊन उभी राहिली. “काय हुडकतूस?”

“आईने लहान बाळाचं काही शिवलं होतं का? कुंची, झबली?”

काकूने माझ्याकडे चमकून पाहिलं. तेव्हा माझं लग्नही झालेलं नव्हतं.

“कुणाच्या बाळाचं?” ती म्हणाली.

त्या संध्याकाळी मी मळ्यात जाऊन वैजूला फोन लावला. ती आधी रडली. मग आई शेवटी काय काय बोलली, कुणी पाणी दिलं का, कुठली साडी नेसवली, असं सगळं तिने विचारलं. मी माहीत होतं तेवढं सांगितलं. 

“दादा, तू कपाट बघितलंस?”

“बघितलं.”

“होतं काही?”

“होतं,” मी म्हणालो.

“काय होतं?”

“कुंची होती. खणाची, हिरवी. दोन झबली होती. दुपटी होती, घडी घालून ठेवलेली.”

 मग तिने विचारलं, “आणणार आहेस?”

“तात्यांच्या समोरून कशी आणू?”

 मागे कुठेतरी तिची पोर तिला हाका मारत होती.

“असू दे,” वैजू म्हणाली. “तिला आता बसलीही नसती.”